बुधवारचा वाटा: पुण्यातील एका सोसायटीने पुरंदरची हंगामी भाजी कशी मिळवली

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्यावर २१२ सदनिकांची एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. तिथल्या काही कुटुंबांनी पुरंदर तालुक्यातील सात शेतकरी कुटुंबांकडून थेट भाजी घेण्याचा जो उद्योग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केला, त्याची पुढील पावणेदोन वर्षांची ही नोंद आहे. प्रस्तुत लेखक त्या सोसायटीचा रहिवासी असून खरेदीच्या हिशोबाची वही काही महिने त्याच्याकडे होती, त्यामुळे ही नोंद पूर्णपणे त्रयस्थाची नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सोसायटी, गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत.

थेट खरेदीची कल्पना सोसायटीला नवी नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातील इतर अनेक सोसायट्यांप्रमाणे येथेही शेतकऱ्यांचा टेम्पो दारात येत असे आणि जे मिळेल ते लोक आनंदाने घेत असत. बाजार सुरळीत झाल्यावर दोन-तीन महिन्यांत टेम्पो बंद झाला. त्याबद्दल कोणी हळहळले नाही, आणि तो का बंद पडला याचा विचारही कोणी केला नाही. पुढे जी चूक झाली तिचे मूळ, माझ्या मते, या न केलेल्या विचारात होते. टाळेबंदीत लोक मिळेल ती भाजी खात होते. बाजार उघडताच ते पुन्हा हवी ती भाजी मागू लागले, आणि टेम्पोपाशी ती नव्हती.

अडचण

ऑक्टोबर २०२२ मध्ये सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला तो भावावरून. फाटकाजवळ मेथीची जुडी वीस रुपयांना मिळत होती. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात छापून आलेल्या गुलटेकडी मार्केट यार्डाच्या बाजारभावात मेथीचा शेकडा, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव, सहाशे ते नऊशे रुपये होता. सहा-नऊ रुपयांची जुडी चार-पाच किलोमीटर अंतरात वीस रुपयांची होते, तेव्हा मधला पैसा कोणीतरी खातो, असा सरळ निष्कर्ष बैठकीत निघाला.

तो निष्कर्ष अर्धवट होता. पुरंदरच्या शेतकऱ्याची मेथी दिवे घाट उतरून रात्रीतून गुलटेकडीला जाते. भल्या पहाटे तिचा व्यवहार होतो आणि खरेदीदारावर आडत, म्हणजे मधल्या आडत्याचे कमिशन, बसते. (राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकण्याची मोकळीक दिली, तेव्हा आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. आता ती भावातून वळती होऊन शेतकऱ्यावरच येते की काय, हा शेतकऱ्यांचा जुना वाद आहे.) मग किरकोळ विक्रेती चौघींत मिळून केलेल्या टेम्पोतून माल आणते, निवडते, पाणी मारते, आणि संध्याकाळपर्यंत न खपलेल्या जुड्या टाकून देते. शंभर जुड्यांतल्या वीस-पंचवीस गेल्या तर उरलेल्यांनी त्यांची भरपाई करायची असते. वीस रुपयांतला मोठा भाग हा कोणाचा नफा नसून पालेभाजीच्या नाशवंतपणाची किंमत असते.

दुसरी तक्रार ताजेपणाची होती, आणि तिसरी, जी फक्त ज्येष्ठ बायका बोलून दाखवत होत्या, ती अशी की बारा महिने घरात त्याच आठ-दहा भाज्या शिजतात. चाकवत, चंदनबटवा, अंबाडी, तांदुळजा, करडई या पालेभाज्या फाटकावर क्वचित दिसत, आणि कर्टोली पावसाळ्यात दोनदा आली तरी पाव किलोचा भाव ऐकून लोक परतत. भाव, ताजेपणा आणि वैविध्य या तीन अडचणींवर एकच उपाय असेल, असे बैठकीने गृहीत धरले.

समोरचे पर्याय

पाच मार्गांवर चर्चा झाली. त्यांखेरीज घरच्या गच्चीत भाजी लावण्याचा मार्गही उत्साहाने मांडला गेला आणि पाण्याच्या टाकीच्या विषयावर येऊन संपला.

शेतकरी आठवडे बाजार हा सर्वांत सोपा मार्ग होता. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने २०१६ मध्ये संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने आठवडे बाजार अभियान सुरू केले आणि पुण्यात अनेक ठिकाणी असे बाजार भरू लागले. आमच्यातील दोघी सलग तीन आठवडे जवळच्या एका बाजाराला जाऊन आल्या. पालेभाजी उत्तम आणि फाटकापेक्षा स्वस्त होती. मात्र काही गाळ्यांवर बटाटा, लसूण आणि सिमला मिरची असा सगळा माल एकत्र होता, आणि तो एकाच शेतातला असणे शक्य नव्हते. शिवाय तिथे जाण्या-येण्याला रिक्षाचे दीडशे रुपये पडत होते, त्यात बचत संपत होती.

दुसरा मार्ग मार्केट यार्डातून गटाने खरेदी करण्याचा. तिथे फळभाजीचा भाव दहा किलोंवर आणि पालेभाजीचा शेकड्यावर बोलला जातो. चाळीस घरे एकत्र आली तर ते जमण्यासारखे होते. पण यार्डात स्थानिक आणि परप्रांतीय माल शेजारीशेजारी असतो. रविवारच्या आवकेत कर्नाटक-गुजरातची हिरवी मिरची, मध्य प्रदेशचा लसूण, आग्र्याचा बटाटा, राजस्थानचे गाजर आणि पुरंदर-पारनेर-वाईचा मटार हे सारेच असते. गाळ्यावर विचारले तर माल कुठला ते सांगतात, परंतु दर आठवड्याला पहाटे चार वाजता जाऊन विचारणार कोण, या प्रश्नाला हात वर झाला नाही.

तिसरा, पुणे बाजार समितीच्या उत्तमनगर उपबाजाराचा. तो नदीपलीकडे जवळच आहे आणि तिथे आसपासचा पालेभाजीवाला शेतकरी येतो. आज मागे पाहता हा मार्ग आम्ही फारच लवकर बाजूला सारला. चौथा, मोबाईलवरून दहा-पंधरा मिनिटांत येणाऱ्या भाजीचा. भावात तो अनेकदा फाटकापेक्षा खाली होता, पण माल कुठला हे कळण्याची सोय नव्हती, आणि मेथी जुडीऐवजी प्लॅस्टिकच्या पिशवीत ग्रॅमवर येई.

निवडला तो पाचवा: थेट शेतकऱ्यांकडून खरेदी. याचे कारण तर्कापेक्षा ओळखीत होते. एका रहिवाशाचे आजोळ पुरंदरात होते, तिथल्या मामेभावाने आणखी सहा घरे जमवली, आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही बाराजण शेते पाहून आलो. नोव्हेंबरमधला पुरंदर पाहून कोणीही मोहात पडावे. विहिरी भरलेल्या, वाफ्यांत मेथी-कोथिंबीर, बांधावर घेवडा, सीताफळाचा शेवटचा बहर. एप्रिलमध्ये याच विहिरींचे तळ दिसतात, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. गावकऱ्यांनीही ते सांगितले नाही, कारण आम्ही विचारले नव्हते.

पहिला प्रयत्न: यादी

सुरुवातीची पद्धत शहरी माणसाला सुचेल तशीच होती. एकतीस भाज्यांची यादी व्हॉट्सॲपवर फिरे, गुरुवारपर्यंत प्रत्येकाने मागणी लिहायची, आणि रविवारी सकाळी छोटा हत्ती टेम्पो फाटकात यायचा. अडतीस घरांनी नावे दिली. भाव मार्केट यार्डाच्या घाऊक भावापेक्षा थोडा वर आणि फाटकापेक्षा बराच खाली असा दर आठवड्याला ठरे.

दहा आठवडे हे सुरळीत चालले, किंवा तसे वाटले. जानेवारीत एका ताईंनी हलव्यासाठी लाल गाजरे मागवली, ती आली, आणि त्यांनी सहज विचारले की गाजराचा वाफा आम्ही आलो तेव्हा दिसला नव्हता, तो कुठे आहे. मामेभावाने काहीही न लपवता उत्तर दिले: "ताई, ते गाजर आमच्याकडं होत नाही. यार्डातनं घेतलं. तुम्ही यादीत लिवलं होतं ना." पुढे विचारपूस केली तेव्हा कळले की एकतीसपैकी जेमतेम अकरा भाज्या त्या सात घरांच्या शेतात होत्या. उरलेल्या ते शनिवारी रात्री खरेदी करत आणि आम्हाला जवळजवळ आल्या भावाने देत, कारण आमचे गिऱ्हाईक तुटू नये ही त्यांची काळजी होती. त्यात त्यांना तोटाच होत होता.

बैठकीत "फसवणूक" हा शब्द उच्चारला गेला. मला तो तेव्हाही पटला नाही. आम्ही शेतकऱ्याच्या हातात किराणा दुकानाची यादी दिली आणि त्याने ती पुरी केली. त्याला व्यापारी आम्ही बनवले होते. रविवारची निवडही अशीच आमच्या सोयीची होती. रविवारी गुलटेकडीत सर्वांत मोठी आवक असते, शेतकऱ्याची शनिवारची सगळी तोडणी त्या बाजारासाठी असते, आणि नेमक्या त्याच रात्री आमच्या अडतीस पिशव्या भरण्यात दोन माणसे अडकत.

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. यादी छाटून अकरा भाज्यांवर आणणे हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग गटातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने सुचवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय पायजे ते सांगू नका, किती घरं हायेत तेवढं सांगा."

वाट्याची पद्धत

फेब्रुवारी २०२३ पासून यादी बंद झाली. प्रत्येक घराने आठवड्याला अडीचशे रुपयांचा एक वाटा घ्यायचा, चार आठवड्यांचे पैसे आगाऊ द्यायचे, आणि वाट्यात काय असेल ते शेताने ठरवायचे, असे ठरले. वार बुधवार, वेळ संध्याकाळी सहा. बुधवारी बाजाराचा जोर कमी असतो, सकाळी तोडलेली भाजी दुपारी निघून संध्याकाळी पोहोचते, आणि कामावरून परतणाऱ्यांनाही ते सोयीचे.

अडीचशेचा हिशोब उघडा ठेवला होता. दोनशे रुपये शेतकऱ्यांचे, पंचवीस टेम्पोचे, पंधरा वाटप करणाऱ्याचे आणि दहा रुपये तूट निधीचे. साठ वाटे झाले तर टेम्पोला दीड हजार मिळत आणि फेरी परवडे. चाळीसच्या खाली गेले की गाडीभाडे अंगावर येई. गटाच्या आपसातील हिशोबासाठी प्रत्येक भाजीचा वर्षभर एकच भाव धरला होता. उदाहरणार्थ फेब्रुवारीतील एका वाट्यात मेथी, कोथिंबीर, शेपू व मुळा यांची प्रत्येकी एक जुडी दहा रुपयांप्रमाणे, टोमॅटो एक किलो वीस, वांगी अर्धा किलो वीस, घेवडा अर्धा किलो तीस, मटार अर्धा किलो तीस, काकडी अर्धा किलो वीस, फ्लॉवरचा एक गड्डा वीस आणि कांदा एक किलो वीस असे दोनशे रुपये होत. त्याच संध्याकाळी हाच माल फाटकावर तीनशे ते तीनशे दहा रुपयांना पडत होता. गटाच्या पट्ट्या, म्हणजे आडत्याकडून मिळालेल्या विक्रीच्या पावत्या, तपासल्या, तर एवढाच माल यार्डात पाठवून त्यांच्या हातात सव्वाशे ते एकशे चाळीस रुपये पडले असते.

आकडे दोन्ही बाजूंना चांगले होते, पण ते सगळा वाटा खाणाऱ्या घरापुरतेच खरे होते. शेपूची जुडी केराच्या डब्यात जाणाऱ्या घराची बचत तिथेच संपत होती. पहिल्या दोन महिन्यांत नऊ घरे गळाली, आणि त्यांतल्या सहा घरांनी शेपू आणि कारले ही कारणे दिली.

फाटकावरच्या मावशी

या सगळ्यात एक व्यक्ती आमच्या हिशोबात कुठेच नव्हती. फाटकाबाहेर चौदा वर्षे बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी. त्या उधारी ठेवत, गवार मोडून देत, दहा रुपयांचे आले-मिरची देत आणि कढीपत्ता तर फुकटच देत. वाटा सुरू झाल्यावर त्यांचा बुधवार-गुरुवारचा माल उरू लागला. एका आजींनी बैठकीत विषय काढला, तेव्हा काहींनी तो "तिला दुसरे गिऱ्हाईक आहे की" म्हणून उडवून लावला. आजींनी विचारले, "रात्री नऊला कोथिंबीर संपली तर टेम्पो बोलावणार आहात का?"

मार्चमध्ये मावशींना वाटपाचे काम देऊ केले. वाट्यामागे पंधरा रुपये, म्हणजे बुधवारी साधारण नऊशे, शिवाय उरलेला माल खरेदीभावाने. त्यांनी आधी चक्क नकार दिला. दुसऱ्याचा माल वाटायला त्या काही नोकर नव्हत्या. महिन्याभराने त्या स्वतः आल्या त्या एका अटीसह: बुधवारी काय येणार ते त्यांना मंगळवारी रात्रीच कळले पाहिजे, म्हणजे तोच माल त्या यार्डातून आणणार नाहीत.

पैशाचा विचार करणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा ही अट अधिक शहाणपणाची ठरली. गटाचा मंगळवारचा एक फोन सुरू झाला आणि मावशी बुधवारी पालेभाजी न आणता बटाटा, लसूण, आले, सिमला मिरची आणू लागल्या. त्यांची नासाडी कमी झाली आणि वाटा घेणाऱ्याला वाट्यात नसलेली भाजी तिथेच मिळू लागली. शेपूचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. वाटपाच्या टेबलाशेजारी त्यांनी एक टोपली ठेवली. नको ती जुडी त्यात टाकायची, हवी ती उचलायची. कोणत्या मजल्यावर कोण काय खाते हे त्यांना पाठ होते. एप्रिलनंतर शेपूमुळे एकही घर गळाले नाही.

सोसायटीने फाटकाच्या आत, वाहनतळाच्या कडेला त्यांना बुधवारपुरती जागा दिली. ती जागा रोज द्यावी का, यावर अजून एकमत नाही.

जुलै २०२३: टोमॅटो

उन्हाळ्यात वाटा आड आठवड्याने येऊ लागला आणि तो लहान झाला. जूनमध्ये पालखी नेमकी बुधवारी दिवे घाटाने सासवडला गेली, घाट वाहनांना बंद, म्हणून टेम्पो बोपदेव घाटाने वळसा घेऊन रात्री साडेआठला पोहोचला. कोणी कुरकुर केली नाही. टेम्पोचालकाने सकाळी वारकऱ्यांना काकड्या वाटल्याचे सांगितले, तेव्हा वाट्यात काकड्या कमी का आहेत तेही कळले.

खरी परीक्षा जुलैत आली. देशभर टोमॅटोचा भाव उसळला आणि पुण्यात किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या वर गेला. सातांपैकी दोन घरांकडे टोमॅटो तयार होता आणि करारात त्याचा भाव होता वीस रुपये. हीच वेळ ओळखून त्या दोघांनी गटात, आणि गटाने आमच्याकडे, भाव वाढवण्याचा विषय मांडला.

सोसायटीत तट पडले. एका बाजूचे म्हणणे, फेब्रुवारीमध्ये यार्डात आठ-दहा रुपये किलो असताना आम्ही वीस दिले, तेव्हा आता त्यांनी वीसने द्यावा, करार तो करार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षांतून एखादाच असा महिना मिळतो, त्याचा तो महिना आपण घेऊ नये. दोन्ही बाजूंना आधार होता, आणि बैठक पावणेदोन तास चालली.

शेवटी असे ठरले की जुलै-ऑगस्टमध्ये दर आड बुधवारी प्रत्येक वाट्यात अर्धा किलो टोमॅटो चाळीस रुपये किलोने धरावा आणि बाकीचा माल त्या दोघांनी बाजारात न्यावा. टोमॅटोऐवजी आमसूल, चिंच आणि कैरीवर भागवायचे. एका सदस्याने तर आमटीला टोमॅटो लागतो हीच मुळात अलीकडची समजूत असल्याचे व्याख्यान दिले. सप्टेंबरमध्ये भाव कोसळले आणि राज्यात शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची पाळी आली, तेव्हा आम्ही वाट्यामागे दोन-दोन किलो टोमॅटो पंधरा रुपयांनी घेतला. ते कुठल्या कराराने नव्हते. जुलैतल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी आवाज चढवूनही कोणी दार आपटले नव्हते, म्हणून ते शक्य झाले.

तरीही ही तडजोड नशिबाने तरली, असे मला वाटते. त्या दोन घरांचा जम गटात नसता तर ते सरळ बाहेर पडले असते. नाशवंत मालाला वर्षभराचा एकच भाव बांधणे चुकीचे होते. खालची आणि वरची अशी दोन टोके ठरवून त्यांच्यामध्ये बाजाराप्रमाणे हलणारा भाव पहिल्या दिवशीच ठरवायला हवा होता.

दुष्काळ

ऑगस्ट २०२३ कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पुरंदरच्या पावसाळी मटारावर आमच्या सदस्यांची विशेष भिस्त होती, कारण मटार तोडल्यापासून तासातासाला गोडी गमावतो आणि त्याच दिवशी आलेल्या मटाराची चव शहरात सहसा मिळत नाही. सातांपैकी पाच घरांचा मटार फुलातच वाळला. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर होता.

वाटे तरीही जानेवारीपर्यंत कसेबसे आले. त्यांत एक गोष्ट उठून दिसली. भाजी घटली, पण सीताफळ आणि पुढे अंजीर मात्र येत राहिले, कारण कोरडवाहूच्या त्या पट्ट्यात फळबागांना ठिबकने थोड्या पाण्यात तगवता येते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण पूर्ण पिकलेले अंजीर दोन दिवसही टिकत नाही. लांबच्या बाजारासाठी ते कच्चेच तोडावे लागते. झाडावर पिकलेले, देठाशी फुटू पाहणारे अंजीर पाऊण-एक तासाच्या अंतरावर असलेल्यालाच खायला मिळते, आणि व्यापाऱ्याला ते नको असल्याने स्वस्तही मिळते. जवळच्या शेतातून घ्यावे काय आणि घेऊ नये काय, याचे उत्तर आम्हाला या फळांनी दिले. जे टिकत नाही ते जवळून घ्यावे. कांद्यात थेट खरेदीने आमचे किंवा शेतकऱ्याचे फारसे भले होत नव्हते, म्हणून तो वाट्यातून काढून मावशींकडे सोपवला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गटाने कळवले की पिण्याच्या पाण्याला टँकर सुरू झाला आहे, भाजी थांबवावी लागेल. सदस्यांच्या दोन आठवड्यांचे आगाऊ पैसे तेव्हा गटाकडे होते आणि ते बियाण्यात खर्च झाले होते. यार्डातून माल आणून वाटा चालू ठेवण्याचा प्रस्ताव पुन्हा आला. लाल गाजरांची आठवण ताजी असल्याने तो टिकला नाही.

मग गटाने आगाऊ रकमेच्या बदल्यात घरची मटकी, हुलगे आणि बाजरी देऊ केली. बहुतेकांनी ती घेतली. देशावर उन्हाळ्यात भाजी नसतेच. तेव्हा उसळी, हुलग्याचे माडगे, पिठले, सांडगे यांवर घर चालते. "हंगामी" या शब्दाचा हा अर्थ आमच्या बैठकीतल्या कोणालाही ऑक्टोबर २०२२ मध्ये अभिप्रेत नव्हता. तीन घरांनी धान्य नाकारून पैसे परत मागितले. ते तूट निधीतून दिले, आणि निधी जवळजवळ रिकामा झाला.

निष्पत्ती

जुलै २०२४ मध्ये चांगल्या पावसानंतर वाटा पुन्हा सुरू झाला. सुरुवातीच्या अडतीस घरांची संख्या मधल्या काळात एकाहत्तरपर्यंत चढली होती. पुनरारंभी ती बावन्न होती. गटात दोन घरे वाढून नऊ झाली आहेत.

पैशाबाबत दोन घरांनी ठेवलेल्या सव्वीस आठवड्यांच्या वह्या उपलब्ध आहेत. त्यांतील एका घराची आठवड्याला सरासरी पंचावन्न रुपये बचत झाली. दुसऱ्या घराची बचत जवळजवळ शून्य आहे, कारण ते घर वाट्याशिवाय आणखी भाजी विकत घेत राहिले. डिसेंबर-जानेवारीत फ्लॉवर, टोमॅटो, मटार सगळीकडेच स्वस्त असतात आणि त्या आठवड्यांत मोबाईलवरून घेतलेली भाजी आमच्या वाट्यापेक्षा चक्क स्वस्त पडली. पालेभाजीत मात्र फरक बारमाही राहिला. चाकवत, चंदनबटवा, करडई आता बुधवारी येतात. कर्टोली पावसाळ्यात तीनदा आली आणि टोपलीत एकदाही उरली नाही.

मावशींची कमाई वाढली की घटली, हे आम्ही विचारले. "बुधवारी बरं जातं," एवढेच त्यांनी सांगितले.

वेगळे काय करता आले असते

शेत पाहायला आम्ही नोव्हेंबरऐवजी मे महिन्यात जायला हवे होते. निदान कोणत्या महिन्यात विहिरीला किती पाणी असते आणि कोणता वाफा रिकामा असतो, एवढे विचारून बारा महिन्यांचा तक्ता आधी करायला हवा होता. भावाची बोलणी त्यानंतरची. पुनरारंभाच्या वेळी हा तक्ता केला, आणि त्यात मार्च ते जून या रकान्यात कडधान्य लिहिले आहे.

आगाऊ रक्कम चार आठवड्यांवरून दोनवर आणली. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हे योग्य नाही, कारण बियाणे घेताना त्यांना पैसा तेव्हाच लागतो. पण रिकाम्या निधीवर यापेक्षा मोठी जोखीम घ्यायला सदस्य तयार झाले नाहीत. या मुद्द्यावर मी अल्पमतात होतो आणि अजूनही आहे.

मावशींना पाच महिने उशिरा विचारले गेले. पहिल्याच बैठकीला त्यांना बोलावले असते, तर शंभर जुड्यांतल्या किती फेकाव्या लागतात हे आम्हाला तेव्हाच कळले असते, आणि अडीचशे रुपयांचा हिशोब मांडण्यापूर्वी वीस रुपयांच्या जुडीचा हिशोब समजला असता.

उत्तमनगरच्या उपबाजाराचा पर्याय नीट न तपासता सोडल्याचा उल्लेख वर आलाच आहे. दुष्काळाच्या महिन्यांत एक दिवस मावशी तिथे जाऊन आल्या. नदीकाठच्या पाण्यावरची पालेभाजी तिथे होती, भाव यार्डाच्या आसपास होता, आणि अंतर निम्मे. येत्या उन्हाळ्यात पुरंदरचा वाटा थांबला की बुधवारची पालेभाजी तिथून आणायची, आणि ती पुरंदरची नाही हे टोपलीवर लिहायचे, असे मावशींशी ठरले आहे. टोपलीवर काय लिहायचे ते मात्र त्यांनी आमच्यावर सोडले.